पेन द्यायचे तर भरून द्या



हे वाचता वाचता एकदा खिशाला हात लावून पाहा. पेन आहे ना? आता ते कुठून आले ते आठवा. बहुतेकांना आठवणार नाही. बियाण्याच्या दुकानात मिळाले असेल, पतसंस्थेच्या सभेत मिळाले असेल, नाहीतर सहीपुरते कोणाचे मागून घेतले आणि परत द्यायचे राहून गेले असेल. कांडी संपली की ते आपोआप नाहीसे होते आणि दुसरे येते. टाळाच्या जोडीबद्दल आपण असे कधी वागत नाही. टाळ कुठून घेतले, त्यांचा नाद कसा, दोरी कधी बदलली, हे टाळकऱ्याला तोंडपाठ असते. मृदंगाला शाई कोणाकडून भरून घेतली, हे मृदंगवाला दहा वर्षांनीही सांगतो. शाई हा एकच शब्द, पण मृदंगाच्या शाईला आपण जपतो आणि दौतीतल्या शाईला विसरतो. मला आज या दुसऱ्या शाईविषयी बोलायचे आहे.

परमार्थाच्या अंकात पेनाचे कौतुक कशाला, असे काही जण म्हणतील. माझ्या तोंडावर म्हणून झालेलेही आहे. त्यांना मी विचारतो, ज्या वीणेपुढे आपण डोके ठेवतो ती तरी कशाची असते? लाकूड, भोपळा आणि तारा. ती बेसूर झाली तर चालेल का? चालत नाही. पहारा बदलताना वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. म्हणजे साधनाचा मान आपल्या संप्रदायाला नवा नाही. साधनाची हेळसांड करणे म्हणजे वैराग्य, ही समजूत मला कधीच पटली नाही. सोन्याचा मुलामा दिलेले, वीस हजारांचे पेन खिशाला लावून मिरवणे निराळे. ते खिशातून बाहेरच येत नाही, आले तर दाखवायला येते. मी बोलतो आहे ते रोज दोन पाने लिहिणाऱ्या पेनाबद्दल.

आपल्या सगळ्या संतवाङ्मयाच्या मागे एकेक लिहिणारा हात आहे, आणि कीर्तनात आपण त्याचे नाव घेऊन लगेच पुढे जातो. ज्ञानेश्वरी नेवाशाला प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली. माउली सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. या बाबांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचे प्रेत स्मशानात नेले होते, पत्नी शोक करीत होती, आणि माउलींच्या कृपेने ते उठले. कथा सांगताना आम्ही कीर्तनकार चमत्कारापाशी रेंगाळतो. मला मात्र पुढचा भाग जास्त विचार करायला लावतो. परत मिळालेले आयुष्य त्या माणसाने कशात घातले? लिहिण्यात. नऊ हजारांवर ओव्या. तेव्हा त्यांच्या हाती बोरूच असणार, आणि बोरूचे टोक थोड्या पानांत बोथट होते. तासायचा, बुडवायचा, लिहायचा, पुन्हा तासायचा. बोरू किती लागले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, अशी परंपरा आहे. ज्यांना देवळाच्या पायरीपाशी अडवले त्यांचे शब्द एका ब्राह्मणाने बसून टिपले. तुकोबांच्या बाजूला चाकणचे संताजी जगनाडे. व्यवसाय तेलघाण्याचा. घाण्यावर बसणाऱ्या माणसाने टाळ हाती घेतला तशी लेखणीही घेतली, आणि गाथ्याचा केवढा तरी ठेवा त्यांच्या वह्यांमुळे आपल्यापर्यंत पोचला. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे, देहूला जाल तेव्हा वाट वाकडी करून जाऊन या. आणि पैठणला नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, ती का करावी लागली? तीनशे वर्षांत नकलकारांच्या हातून चुका शिरल्या होत्या, काहींनी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या होत्या. लिहिणारा हात स्वच्छ नसेल तर काय होते, तेही याच परंपरेने दाखवले आहे.

आता थोडे माझ्या हाताविषयी.

मी शाळेत गेलो तेव्हा कित्ता बोरूने गिरवत असत. बोरू तासायचा चाकू मास्तरांकडे. टोक तिरके छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची. तिरक्या टोकामुळे एकाच अक्षरात जाड आणि बारीक रेघ आपोआप येते, त्याला वेगळी कला लागत नाही, फक्त हात एकाच कोनात ठेवावा लागतो. शाई पुडीची किंवा वडीची, पाण्यात कालवायची. मुंबईच्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली अशाच शाईच्या पुड्या आणि वड्या करून धंद्याला सुरुवात केली होती. पुढे त्यांची उंटाची शाई घरोघरी गेली आणि त्यातूनच कॅमलिन झाली. बोरूनंतर टाक आला, म्हणजे लाकडी दांडीला पत्र्याची निब. तीन शब्द लिहायचे आणि दौतीत बुडवायचे. मग झरणी. फाउंटन पेनाला झरणी म्हणत, आणि मला आजही तो शब्द जास्त गोड वाटतो. बॉलपेन आमच्या शाळेत चालत नव्हते. अक्षर बिघडते म्हणत. त्यात तथ्य किती होते ते सोडा, पण मार मात्र खरा होता.

पुढे आळंदीला अध्ययनासाठी चार वर्षे राहिलो. माधुकरीचे अन्न, इंद्रायणीचे स्नान, पहाटे काकडा आणि दिवसभर पाठांतर. आमचे महाराज लिहून घेऊ देत नसत. आधी कानाने घ्या, मग कंठात ठेवा, असा त्यांचा दंडक. वही उघडलेली दिसली तर ते बोलायचे थांबत. आम्हाला वाटे, यांना लिहिण्याचेच वावडे आहे. पण त्यांच्या उशाशी खादीच्या फडक्यात बांधलेले एक बाड असे. त्यात त्यांच्या गुरूंपासूनचे अभंग, कोणता अभंग कोणत्या चालीवर, कोणत्या प्रमाणाला कोणते प्रमाण जुळते, असे सगळे बारीक अक्षरात लिहिलेले होते.

चार वर्षे संपली त्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले. काळ्या रंगाचे, ड्रॉपरने भरायचे एक साधे पेन काढले. टोपण उघडले, पेन माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “लिही.”

“काय लिहू, महाराज?”

“आज सकाळी जे ऐकलंस ते. आता तुला पाठ आहे, आता लिहायला हरकत नाही.”

ते पेन भरलेले होते. त्यांनी आदल्या रात्री स्वतः शाई घातली होती, बोटाला डाग दिसत होता. माउली, रिकामे पेन दिले असते तर मी ते फडक्यात गुंडाळून देवापुढे ठेवले असते आणि आयुष्यभर गुरूंचा प्रसाद म्हणून त्याला हळदकुंकू वाहिले असते. भरलेले दिले म्हणून लिहावे लागले. त्या पेनाची निब मी दोनदा बदलली, टोपण तिसरे आहे, पण अजून ते रोज चालते.

आता झरणी चालते कशी, हे जरा सांगतो, कारण ते कळले की तिची निगा आपोआप राखली जाते. समईत तेल खाली असते आणि वात वर जळते. तेल वातीतून चढते ते वातीच्या बारीक धाग्यांमधल्या फटींमुळे. पेनात तोच नियम. निबेखाली काळी पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणायचो. त्या जिभेवर केसासारख्या बारीक चिरा असतात. त्यांतून शाई निबेच्या चिरेत येते आणि कागदाला टेकली की उतरते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा त्याच वाटेने आत येते. म्हणून दाबावे लागत नाही. नुसते टेकवायचे. बॉलपेनात छोटी गोळी फिरवावी लागते, शाई दाट तेलकट असते, म्हणून तिथे जोर लागतो.

जुने ड्रॉपरचे पेन खिशात शाई ओकते अशी तक्रार असते. ते सहसा केव्हा ओकते? शाई संपत आली की. पेनात हवा जास्त झाली, हाताच्या किंवा छातीच्या उबेने ती फुगली आणि तिने उरलेली शाई ढकलली. उपाय सोपा आहे, ते अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. खिशात आणि पिशवीत टोक वर ठेवावे. महिन्यातून एकदा साध्या गार पाण्याने धुवावे, कढत पाण्याने नव्हे. आणि चित्रकलेची काळी शाई त्यात कधी घालू नये. ती वाळली की चिरा बुजतात आणि चांगले पेन कायमचे जाते.

सत्तरी ओलांडल्यावर माझ्या घशाने साथ सोडली. डॉक्टरांनी मोठ्याने गायला आणि तासभर उभे राहून बोलायला मनाई केली. कीर्तनकाराचा आवाज जाणे म्हणजे काय, ते कीर्तनकारालाच कळते. सप्ताहाचे निमंत्रण द्यायला माणसे येत, मी हात जोडून नाही म्हणे, आणि ती गेल्यावर बराच वेळ उंबऱ्यापाशी बसून राही. घरची मंडळी बोलत नसत. जवळजवळ वर्ष असे गेले. नारदांच्या गादीवर पन्नास वर्षे उभे राहून जे बोललो ते वाऱ्यावर गेले, असे मी म्हणणार नाही. ज्याने ऐकले त्याच्यापाशी ते आहे. पण माझ्यापाशी काय उरले, हा प्रश्न पहाटे उठून बसला की समोर येई.

त्याच दिवसांत माझे जन्माचे जोडीदार, आमचे मृदंगमहाराज, भेटायला आले. चाळीस वर्षे मी उभा राहिलो आणि ते डाव्या हाताला उभे राहिले. जुन्या फडावरच्या चाली आणि त्या चालींना लागणारे ठेके त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. मी म्हटले, “दादा, हे लिहून ठेवा.” त्यांनी हात पुढे केला. वाजवून वाजवून आणि वयाने त्यांची बोटे वळली होती, सांधे सुजले होते. “महाराज, सही करताना घाम फुटतो मला. बॉलपेन दाबवतच नाही.”

मग मी त्यांच्यासाठी पेन शोधायला पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेलो. चार दुकाने फिरलो. मला जाड अंगाचे पेन हवे होते, कारण बारीक दांडी धरायला बोटे जास्त आवळावी लागतात, आणि वजनाला हलके हवे होते. निब मध्यम जाडीची आणि गुळगुळीत. दुकानदाराने मला वहीवर लिहून पाहू दिले. मी प्रत्येक पेनाने एकच शब्द लिहिला, विठ्ठल. त्यात वेलांटी आहे, ठ ला ठ जोडलेला आहे, ल चा वळसा आहे. ज्या पेनाला त्या जोडाक्षरावर अडखळायला झाले नाही ते घेतले. किंमत तीनशेच्या आत. शाईची बाटली घेतली, दुकानातच भरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी टोपण काढून कागदाला टेकवले. दाबायची सवय होती, म्हणून पहिल्यांदा शाई जास्तच उतरली. मी म्हटले, “दादा, थाप नको, नुसती बोटं ठेवा.” ते हसले. मग लिहिले, धा धा दिं ता. अक्षर वाकडे होते, पण ओळ पुरी झाली.

त्यानंतर आठ महिने ते होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी बासष्ट पाने भरली. कोणत्या चालीला कोणता ठेका, लग्गी कुठे सुरू करायची, टाळकऱ्यांचा वेग वाढला तर मृदंगाने तो कसा धरून ठेवायचा. चाल काही पूर्ण लिहिता येत नाही, ती गळ्यातूनच गळ्यात जाते, हे खरे. पण बोल लिहिता येतात. आज त्यांचा नातू त्या वहीवरून शिकतो. अडले की माझ्याकडे येतो, कारण आजोबांचे अक्षर मला लागते. काही ठिकाणी शाई पसरली आहे. तिथे हात थांबला असणार.

त्यांच्यामुळे मी पुन्हा लिहू लागलो, असे म्हणा. महाराजांचे बाड आता माझ्याकडे आहे. ते उघडले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती तुमच्याही घरच्या जुन्या वह्यांना लागू आहे म्हणून सांगतो. बाडातली सर्वांत जुनी पाने काजळाच्या शाईची आहेत. दिव्याचे काजळ, डिंकाच्या पाण्यात खलून केलेली. ती अक्षरे आजही काळीभोर आहेत, कारण काजळ म्हणजे कोळसाच, त्याला ऊन विटवत नाही. मधली पाने बाटलीतल्या निळ्या शाईची, महाराजांच्या हातची, आणि तीच सर्वांत फिकट झाली आहेत. काही ओळी भिंगाखाली धराव्या लागतात. म्हणजे जे आपल्याला सर्वांत जवळचे तेच आधी पुसले जाते आहे. आता रोज हरिपाठ झाला की मी त्या निळ्या पानांची नक्कल करायला बसतो. दोन पाने. हात थरथरतो, पण निब टेकली की थरथर थोडी कमी होते. का ते वैद्यांना विचारा.

नकलेसाठी मी काळी, पाण्याने न जाणारी, पण झरणीसाठीच केलेली शाई वापरतो. अशी शाई हल्ली मिळते. बाटलीवर तसे लिहिलेले असते, ते वाचून घ्यावी आणि पेन पडून राहू देऊ नये. शाळेत वापरतात ती धुऊन निघणारी निळी शाई कपड्यासाठी बरी, वहीसाठी नाही. एक पाऊस आणि पान कोरे.

यावरून वारीचे सांगतो. वाटेवर झरणी नेऊ नका. आषाढाचा पाऊस, पिशवीची आदळआपट, तंबूतला चिखल. माझ्या बंडीत वारीत शिसपेन्सिल असे. पेन्सिलीचे लिखाण पाण्याने जात नाही. ती नसेल तर बॉलपेन घ्या, त्याची तेलकट शाई टिकते. चांगले पेन घरी पाटापाशी ठेवावे. प्रत्येकाची जागा असते, वीणेकऱ्याला आपण पालखीला खांदा द्यायला सांगत नाही.

आता भेटीचे बोलतो, कारण हा अंक हाती पडेल तेव्हा पुढे अनेकांच्या घरी सप्ताह, सत्कार, मुलांचे निकाल असतील.

कीर्तनाचे मोल घेऊ नये, हा आपल्याकडचा दंडक. म्हणून शाल, श्रीफळ. शाली माझ्याकडे एवढ्या झाल्या की थंडीत शेजारच्या वस्तीला पुरल्या. गेल्या काही वर्षांत शालीबरोबर पेनाचा डबा येऊ लागला. मखमलीचा, आत पेन आणि झाकणावर सत्काराचे वर्ष. परवा कपाट आवरताना असे एकोणीस डबे निघाले. देणाऱ्यांचा भाव चांगला, त्याबद्दल शंका नाही. पण एकानेही ते देण्याआधी लिहून पाहिलेले नव्हते. सहा पेनांची कांडी डब्यातच वाळली होती. चार इतकी जड होती की अर्धे पान लिहिले की अंगठा दुखावा. डबाच पेनापेक्षा महाग असावा, असे दोन-तीन होते. ज्याला द्यायचे त्याचा हात पाहिलेला नसला की असेच होते.

पेन देताना माणूस काय लिहितो, किती लिहितो, हात कसा आहे, एवढे पाहावे. म्हाताऱ्या माणसाला जाड, हलके, मध्यम निबेचे. विद्यार्थ्याला बारीक निबेचे, कारण त्याला वहीत खूप मावायचे असते आणि जोडाक्षरे भरून जाता कामा नयेत. डावखुऱ्याला लवकर वाळणारी शाई, नाहीतर त्याचा तळहात ओल्या ओळीवरून जातो आणि आपण दिलेल्या भेटीला तो मनातल्या मनात बोल लावतो. वही बरोबर द्यावी. स्वस्त कागदावर शाई फुटते आणि दोष पेनाला येतो. अंगावर नाव कोरण्यापेक्षा निबेला पैसे जास्त घालावेत, कारण लिहिते ती निब. तिच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो, तो नीट घासलेला आहे की नाही, हे फक्त लिहून पाहिले की कळते. पोलादी निबेत मला काही उणे वाटत नाही. सोन्याची निब मऊ चालते, गंजत नाही, पण तिच्याशिवाय कोणाचे अडलेले मी पाहिले नाही.

फार वेगळे काही द्यायचे असेल तर हाताने घडवलेली पेनेही आपल्या देशात होतात. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम यांचे घराणे १९३०च्या दशकापासून हे काम करते. त्यांचे स्वदेशी पेन मिळाल्यावर १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून पसंती कळवली होती. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, त्याची कांब चरकावर धरून पेन उतरवतात. एकदा एका यात्रेकरूने मला ते दाखवले. हातात धरल्यावर ते प्लास्टिकसारखे गार लागत नाही.

आमच्या दिंडीत एक आक्का आहेत. साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. नातवंडांच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर रोज रामकृष्णहरी लिहितात. बॉलपेन इतके दाबत की खालच्या तीन पानांवर नाव उमटे. एका एकादशीला मी त्यांना पेन दिले. त्या घेईनात. “म्हाराज, येवढं भारी मला कशाला? माझं अक्षर हे असलं.” मी म्हटले, “आक्का, तुम्ही काय वाण्याची यादी लिहिता का? देवाचं नाव लिहिता ना?” मग घेतले. पुढच्या महिन्यात वही दाखवायला आणली. अक्षर होते तसेच होते, थोडे मोठे. पण खालची पाने कोरी होती. त्या म्हणाल्या, “आता बोटं दुखत न्हाईत, तर दोन पानं जास्त व्हत्यात.” आता शाई संपली की नातीला पाठवतात, ड्रॉपर घेऊन.

तरुण कीर्तनकार मोबाइलवर टिपणे ठेवतात म्हणून मी नाराज आहे, असे काहींना वाटते. नाही. हवा तो अभंग क्षणात सापडतो, हे मोठे काम आहे आणि गाथा पाठीवर वाहण्याचे दिवस मी पाहिलेले आहेत. पण माझा अनुभव असा की हाताने लिहिताना प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते, आणि थांबले की चरणातला एखादा शब्द विचारतो, मला इथे का ठेवले? निरूपण तिथून सुरू होते. उचलून डकवलेल्या मजकुरात मला तसे थांबायला झाले नाही. म्हणून माझ्याकडे चिंतन ऐकायला येणाऱ्या मुलांपैकी ज्याचा पाठ पक्का होतो त्याला मी एक पेन देतो. त्या एकोणीस डब्यांतली चालणारी पेने निवडून, धुऊन, जिथे जमले तिथे निब बदलून घेतली आहे. मखमलीचे डबे मुलींनी बांगड्यांना नेले. देताना आदल्या रात्री मी स्वतः भरतो. माझ्या बोटालाही डाग पडतो, राख लावून घासला तरी दोन दिवस जात नाही.

आतापर्यंत अकरा दिली. एक मुलगा परवा आला, म्हणाला, “महाराज, शाई संपली.” मला शाल मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

निळ्या पानांपैकी अजून त्रेचाळीस उरली आहेत. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान होईल, त्याआधी ती उतरवून व्हावीत अशी इच्छा आहे. कपाटात दोन पेने आहेत. एक मृदंगमहाराजांच्या नातवाचे, त्याचा एक पाठ राहिला आहे तेवढा झाला की द्यायचे. दुसरे कोणाचे ते अजून ठरलेले नाही. दोन्ही भरलेली आहेत, आणि शाई वाळू नये म्हणून दर दोन दिवसांनी मी त्यांनी एकेक ओळ लिहून ठेवतो.